लिफ्टमधली गौर

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या गौरीचं आगमन तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये झालं.

मध्ये म्हणजे नेमकं कुठे, असं लोक अजूनही विचारतात. मध्ये म्हणजे मध्ये! समोर पाहिलं की सिमेंटची भिंत, मान वर केली की चौथ्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या चपला. या जागेला सोसायटीच्या नकाशात नाव नाही, पंचांगात तर नाहीच. पण गौर तिथे आली, तिथे तिचं स्वागत झालं, तिथेच तिने भाजी-भाकरी खाल्ली. आणि हे सगळं ज्याच्यामुळे घडलं तो मी, सोसायटीचा सेक्रेटरी, त्या वेळी तिथेच कोपऱ्यात घाम पुसत उभा होतो.

आमच्या गौरी म्हणजे पितळेचे दोन मुखवटे. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. आजवर त्या साताऱ्याकडे, गावी काकूंच्या घरी बसायच्या. गेल्या वर्षी काकूंनी फोनवर जाहीर केलं, "आता माझ्याच्यानं होत नाही. गौरींना वसईला न्या." आई तेव्हा नुकतीच आमच्याकडे, वसईतल्या गोखिवऱ्याला, राहायला आली होती. तिने फोन ठेवला आणि पदर खोचला, तो गौरी जाईपर्यंत सोडला नाही.

"गौर म्हणजे काय, माहेरवाशीण रे," ती सगळ्यांना सांगत सुटली. "अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर निघते. एवढंच मिळतं बिचारीला वर्षातून. पहिल्याच वर्षी नव्या घरात तिला परकं वाटलं तर मी काकूंना काय तोंड दाखवू?"

"तू अजिबात काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी सेक्रेटरी आहे."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे आईने विचारलं नाही. अस्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

आमचं घर सहाव्या मजल्यावर. गौरींना आणायचं खालच्या गेटजवळच्या तुळशीपासून. आईचं म्हणणं, ती स्वतः थोरलीला घेऊन जिन्याने येणार. आईचा गुडघा म्हणजे... तो गुडघा आधी स्वतः कुरकुरतो आणि मग आई. मी ठणकावून सांगितलं, "लिफ्टने यायचं!"

"गौर कधी लिफ्टने येते का?" ताई म्हणाली. ताई माझी मोठी बहीण. धाकट्या गौरीला आणण्याचा मान तिचा, त्यासाठी ती ठाण्याहून आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली होती.

"का नाही? तुझ्या सासूबाई काशीला विमानाने गेल्याच ना? विश्वनाथाने परत पाठवलं का त्यांना?"

ताई गप्प झाली. (आयुष्यात ताई माझ्यामुळे गप्प होण्याची ही पहिली वेळ. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.) शेवटी असं ठरलं की थोरली गौर, आई आणि मी लिफ्टने, आणि ताई धाकटीला घेऊन बाकीच्या बायकांबरोबर जिन्याने. सहाव्या मजल्यावर दोघी बहिणी भेटतील, थोरली आधी आणि धाकटी मागून अशा घरात शिरतील.

इथवर सगळं ठीक होतं. पण नुसत्या लिफ्टने गौर आणायची, हे माझ्या मनाला पटेना. मी आगाशीच्या बाजारात जाऊन झेंडूच्या माळा आणल्या आणि सकाळीच लिफ्ट सजवायला घेतली.

आमची लिफ्ट जुन्या धाटणीची. तिला मिटणारी जाळीची दारं, एक लिफ्टचं आणि एक प्रत्येक मजल्याचं. दार जरासं उघडं राहिलं तरी ती जागची हलत नाही आणि आतून एक बाई गोड आवाजात हिंदीत विनवत राहते, "कृपया दरवाज़ा बंद कीजिए."

मी आरशाला माळ लावली, पंख्याला लावली, आणि सगळ्यांत लांब माळ जाळीच्या दारात ओवली.

अस्मिता बघत उभी होती. "अहो, हे दार सरकतं ना?"

"हो."

"मग सरकत्या दाराला माळ कशाला?"

"पाहुण्यांचं स्वागत दारात करतात, अस्मिता. पंख्याला नाही."

ती काही न बोलता रांगोळीचा डबा घेऊन वर गेली. बायको काही न बोलता निघून जाते तेव्हा आपण जिंकलो असं समजणाऱ्या लोकांपैकी मी एक आहे.

तुळशीजवळ सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. आईने हिरवी नऊवारी नेसली होती. थोरलीला खणात गुंडाळून तिने छातीशी धरलं, जसं सहा महिन्यांच्या बाळाला धरावं तसं. ताईने धाकटीला घेतलं. बायकांनी ताम्हणावर पळी वाजवायला सुरुवात केली आणि जिन्याने मिरवणूक निघाली. मी आईला लिफ्टमध्ये चढवलं. एकदा दुरून लिफ्टकडे पाहून घेतलं. आत झेंडू, झेंडूत आई, आईच्या हातात गौर. मला भरून आलं. मी दार लावणार, एवढ्यात गेटकडून हाक आली.

"एऽऽ थांबव, थांबव! मी पन येते!"

फिलूमावशी! पाचव्या मजल्यावर मुलाकडे राहतात. मूळच्या अर्नाळ्याच्या, लग्न होऊन पाचूबंदरला गेलेल्या. वसईच्या बाजारात त्यांनी जन्मभर मासळी विकली. आता विकत नाहीत, पण घरची मासळी आणायला स्वतःच जातात, कारण "पोराला ताजा नि शिला काय कलत नाय." त्यांच्या हातात पिशवी होती. त्या पिशवीत काय असणार, हे मला ठाऊक होतं. त्या पिशवीच्या वासालाही ठाऊक होतं.

"मावशी, तुम्ही पुढच्या फेरीला..." मी दारात आडवा झालो.

"पुढची फेरी? माझे पाय बघ आनि मग बोल."

"अरे, येऊ दे की त्यांना," आई आतून म्हणाली. आईला सर्दी होती. "या हो, या आत. गौर येतेय, चांगली वेळ आहे."

फिलूमावशी आत आल्या. मी श्वास रोखून दार लावलं, सहाचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली.

"गौर हाय काय? मस्त दिसते," मावशी कौतुकाने वाकल्या आणि मग पिशवी मागे घेत म्हणाल्या, "जरा संबालून हां बाय, बांगड्यांची पिशवी हाय."

आईचा चेहरा खुलला. "बांगड्यांची? अगं बाई! आज गौरीच्या दिवशी बांगड्या आणल्यात? कुठल्या बाजारातून?"

"बाजार कसला! थेट अर्नाळ्यावरून. सकालीच होडीतून उतरलाय माल."

"होडीतून?" आईने माझ्याकडे पाहिलं. "इकडे बांगड्या होडीतून येतात?"

"मग काय यष्टीन येतील?" मावशी म्हणाल्या.

मी काही बोलू पाहत होतो. पण काय बोलणार? आईचं सोवळं मी लहानपणापासून पाहिलेलं. सणाच्या दिवसांत आमच्याकडे अंड्याचं चित्रसुद्धा पालथं ठेवायचे!

"हिरव्या आहेत का?" आई विचारत होती.

"पाठीवर हिरवा-निला, आनि पोटाला एकदम चांदी."

"चांदी! म्हणजे चांगल्याच भारी दिसतायत. गौरीला दाखवा की जरा!"

"आई, नको!" मी ओरडलो.

उशीर झाला होता. फिलूमावशींनी अभिमानाने पिशवीचं तोंड उघडलं. आई गौरीसकट वाकली. पिशवीतून एका टपोऱ्या बांगड्याने गौरीकडे पाहिलं, गौरीने बांगड्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी खाडकन आवाज होऊन लिफ्ट थांबली.

पंखा तेवढा फिरत होता.

"कृपया दरवाज़ा बंद कीजिए," ती बाई म्हणाली.

"आई, कोप झाला!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आई अजून पिशवीत बघत होती. "हे... हे बांगडे आहेत," ती हळूहळू म्हणाली.

"मग मी काय सांगते मघाधरनं!"

आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. पण ती हसत होती! हसता हसता गौर हातात डुलायला लागली, गौरीचा खण डुलायला लागला. "चांदीचं पोट म्हणे! आणि मी आपली मनात म्हणते, बिलवर असतील!" मग ती दम घेत माझ्याकडे वळली. "आणि कोप कसला रे? ते बघ."

मी पाहिलं. माझ्या झेंडूच्या माळेचं एक टोक जाळीतून बाहेर लोंबत राहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून वर जाताना ते तिथल्या दाराच्या कडीत अडकलं होतं आणि माळेने ताणून आमचं दार चार बोटं उघडलं होतं. देवीचा काही संबंध नव्हता. सेक्रेटरीचा होता.

"एवढंच ना!" मी पुढे झालो आणि माळ ओढली. दोरा तुटला, फुलं सुटली आणि सगळा झेंडू दाराच्या खाचेत जाऊन गच्च बसला. आता दार लागेनाही आणि उघडेनाही.

"कृपया दरवाज़ा बंद कीजिए."

"अगं, करतोय तो बंद," आई तिला म्हणाली. "त्याला जमत नाही, तू जरा दम धर."

मी धोक्याची घंटा दाबली. घण् घण् घण्! आता सगळी इमारत धावत येईल असं वाटलं. आली नाही. उलट वरून ताम्हणांचा आवाज वाढला. सहाव्या मजल्यावरच्या बायकांना वाटलं, लिफ्टमध्ये आरती सुरू झाली! मी आणखी जोरात घंटा दाबली, तर वर कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. मी घायकुतीला येऊन दोन्ही हातांनी दाबत होतो आणि वरून आरती ऐकू येत होती. आरती चांगली दोन कडव्यांपर्यंत रंगली.

"माझा नवरा दर्यात वादलान सापडला होता," फिलूमावशी माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "तवा पन एवढा नाय घाबरला."

अखेर चौथ्या मजल्यावर, आमच्या डोक्याच्या वर, पावलं वाजली. आधी अस्मिताच्या चपला दिसल्या, मग ताईच्या.

"अहो, आरतीची घाई काय झाली? आधी वर तर या!"

"आरती नाही! अडकलोय आम्ही!"

चपला एक क्षण स्तब्ध झाल्या. मग अस्मिता जाळीपाशी वाकली आणि तिचा चेहरा वरून दिसला. "माळ अडकली का?"

"नाही, म्हणजे तांत्रिक बिघाड..."

"माल अडकली गो, माल!" फिलूमावशींनी खणखणीत आवाजात सांगितलं. "झेंडूची!"

अस्मिता सरळ उभी राहिली. तिने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या योगेशला फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून मोबाइल जाळीजवळ धरला. योगेश राहतो लांब, जूचंद्रला.

"वहिनी, आमच्याकडं पन गौर आलीय आता. पूजा आटपली की लगेच निघतो. आनि तोवर कशाला हात लावू नका." क्षणभर थांबून तो म्हणाला, "साहेबांना तर मुळीच लावू देऊ नका."

आता खरी पंचाईत पुढे आली. ताई भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आली होती. ती जाळीतून म्हणाली, "आई, अनुराधा संपत आलंय. योगेश येईपर्यंत नक्षत्र जाईल गं!" तिचा आवाज रडवेला झाला होता. तिच्या हातात धाकटी गौर होती, आणि थोरली घरात गेल्याशिवाय धाकटीला जाता येत नव्हतं. दोघी बहिणी, एक जाळीच्या वर, एक जाळीच्या खाली.

आईचं हसू केव्हाच मावळलं होतं. उंबऱ्यापर्यंत गौर कुठेही टेकवायची नसते. पितळेचा मुखवटा भरीव, आईचे हात थरथरायला लागलेले. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मी हात पुढे केले.

"मी धरतो, आई."

"तुझे हात माझ्यापेक्षा जास्त कापतायत. पाडशील." तिने मान वळवली. "तुम्ही धरता का हो?"

फिलूमावशी एकदम मागे सरकल्या. मघापासून बिनधास्त बोलणारी ती बाई अवघडून गेली. "मी? नको गो बाय. माझे हात मासलीचे. आनि मी किरिस्ताव."

"हात धुता येतात," आई म्हणाली. "आणि किरिस्ताव म्हणजे काय? तुमच्यात लेकी माहेरी येत नाहीत का?"

मावशी आईकडे बघत राहिल्या. "येतात की," त्या हळूच म्हणाल्या. "माझी येते. नातालला. चार दिस ऱ्हाते आनि जाते."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मी माझ्या आईला इतकी वर्षं ओळखतो. निदान तोपर्यंत मला तसं वाटत होतं. घरात सोवळ्याच्या कपड्यांना आमची सावली पडली तरी ओरडणारी ही बाई, आणि तिला निर्णय घ्यायला लिफ्टच्या पंख्याचा एक फेरा पूर्ण व्हायचीही गरज लागली नाही.

अस्मिताने जाळीतून पाण्याची बाटली आणि हळदीची पुडी आत सरकवली. फिलूमावशींनी पिशवी माझ्या हातात कोंबली ("सरल धर, पानी गलेल!"), हळद लावून हात खसाखसा चोळले, धुतले, पदराला पुसले, वास घेतला, आणि पुन्हा एकदा धुतले. मग गौर घेतली.

"केवडी जड गो!" त्या म्हणाल्या. "खाऊन-पिऊन सुखी दिसते." त्यांनी अगदी सहज गौरीचा सरकलेला खण नीट केला, कपाळावर आलेला मोत्याचा सर बाजूला केला. "आमची मारियामावली पन अशीच धरतो आमी मिरवनुकीन. तिचा पन सन आलाय आता."

आईने मोकळ्या झालेल्या हातांनी पदर आणखी घट्ट खोचला. "सुजाता," तिने वर हाक मारली. (सुजाता म्हणजे ताई.) "नक्षत्र जायच्या आत गौर घरात यायला हवी ना? मग आजपुरतं घर इथेच. कुंकू दे आत. आणि जिन्यात कोण कोण आहे?"

"सगळ्याच आहेत!" जिन्यातून आवाज आले.

"मग उभ्या काय राहिलात? विचारा की!"

आईला गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं, म्हणून गौरीची कुंकवाची पावलं काढायचं काम माझ्याकडे आलं. एका हातात बांगडे, दुसऱ्या हाताची मूठ कुंकवात बुडवलेली, असा मी लिफ्टच्या फरशीवर उकिडवा बसलो आणि जमेल तशी पावलं उमटवली. एकाच मुठीने दोन पावलं काढली की जे व्हायचं तेच झालं.

"अरे, दोन्ही पाय डावेच?" आई म्हणाली. "गौर लंगडी घालत आली का?"

तेवढ्यात जिन्यातून ताईने विचारलं, "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्या-रुप्याच्या पावलांनी आली!" आईने खड्या आवाजात उत्तर दिलं.

"कशाच्या पावलांनी आली?"

"हळदी-कुंकवाच्या पावलांनी आली!" हे तिसऱ्या मजल्यावरून, आमच्या पायांखालून आलं. मग पाचव्यावरून, मग पहिल्यावरून. ज्यांच्याशी मी आजवर फक्त पार्किंगवरून बोललो होतो त्या सगळ्या बायका प्रश्न विचारत होत्या, उत्तरं देत होत्या. जिना घुमत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती वहिनींना शब्द येत नव्हते, त्या नुसतं "आली, आली!" म्हणत होत्या. फिलूमावशी गौरीला घेऊन त्या दोन डाव्या पावलांवर एक एक पाय टाकत उभ्या राहिल्या. जागा तेवढीच होती.

मग रीतीप्रमाणे गौरीला घर दाखवायचं. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं.

"गौरीबाई, गौरीबाई, इथं काय आहे?" ताईने वरून विचारलं.

आईने आजूबाजूला पाहिलं. "आरसा आहे, साजशृंगार आहे!"

"इथं काय आहे?"

"पंखा आहे, गारवा आहे!" (पंखा तेवढ्यात बंद पडला.)

"आणि या कोपऱ्यात काय आहे?"

कोपऱ्यात मी होतो. आईने मला वर-खाली न्याहाळलं.

"माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "सेक्रेटरी आहे."

"काय करतो?"

आई उत्तर शोधत होती. फिलूमावशींनी तिची सुटका केली. "बांगडे धरतो!"

सगळा जिना हसला. खालपासून वरपर्यंत, मजल्यामागून मजला हसू चढत गेलं. आणि त्या हसण्यात, ते नक्षत्र संपायच्या आत, आमची थोरली गौर घरात आली.

मग नैवेद्य. अस्मिताने शेपूची भाजी भाकरीत गुंडाळून जाळीतून आत दिली. फिलूमावशींना नवल वाटलं. "सनाला भाजी-भाकरी? गोड-बिड काय नाय?"

"पुरणपोळी उद्या," आई म्हणाली. "आज लेक प्रवास करून दमून आलेली असते. तिला पहिल्या दिवशी कुणी पंचपक्वान्नं वाढतं का? तिला आपल्या घरचं साधंच हवं असतं."

मी ही भाजी-भाकरी लहानपणापासून नाक मुरडत खात आलोय. का, ते कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, घामाने निथळत, मासळीच्या वासात उभं असताना मला ते कळलं. 

फिलूमावशींनी गौर कडेवर घेऊनच प्रसाद मन लावून खाल्ला. "झकास. यान सुक्या कोलंबीचे सोडे टाकलेस तर आनि मस्त लागंल."

"ते तुमच्या घरी," आई म्हणाली. "मी येईन बघायला. खायला नाही."

योगेश आला तो रेशमी झब्ब्यात, कपाळावर कुंकवाचा टिळा. त्याने गच्चीवरच्या खोलीत जाऊन चाक हाताने फिरवायला घेतलं आणि लिफ्ट इंचाइंचाने वर सरकू लागली. वर उभ्या असलेल्यांच्या आधी चपला दिसल्या, मग साड्यांचे काठ, मग हातातली ताम्हणं, आणि मग ते हसरे, घामेजलेले, डोळे पुसणारे चेहरे. योगेशने खाली येऊन हिसका देत दार उघडलं तेव्हा ताई धाकट्या गौरीला घेऊन अगदी समोर होती. दोघींचे मुखवटे एकमेकींसमोर आले. ताईने आईला मिठी मारली. अस्मिताने दाराच्या खाचेतून झेंडूचा एक चुरगळलेला गोळा काढला आणि माझ्या झब्ब्याच्या खिशात ठेवला. बोलली नाही. काही लोक फार सुंदर गप्प राहतात.

आई थोरलीला परत घेणार, तोच ती थांबली. "तुम्हीच चला हो पुढे," तिने फिलूमावशींना सांगितलं. "तुम्ही आणलंयत तिला इथवर."

चौथ्यापासून सहाव्यापर्यंत जिन्याने मिरवणूक निघाली. पुढे फिलूमावशी थोरलीला घेऊन, त्यांच्यामागे ताई धाकटीला घेऊन, मग आई एकेक पायरी चढत, मग सगळी इमारत, आणि सर्वांत शेवटी बांगडे घेऊन मी. पाचव्या मजल्यावर मावशींच्या मुलाने दार उघडलं. आपली आई गौर घेऊन चालली आहे आणि सोसायटीचा सेक्रेटरी मासळी, हे पाहून त्याने दार पुन्हा लावून घेतलं आणि पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी गौरी पुरणपोळी जेवल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला फिलूमावशी जरीच्या साडीत, केसांत अबोलीचा गजरा माळून आल्या. आईने सगळ्यांत आधी त्यांची ओटी भरली. त्यांनीही पदर पसरला आणि मग आईच्या हातात एक डबी ठेवली. आईने ती उघडून पाहिली. हिरव्या बांगड्या! हातात भरायच्या! "अर्नाळ्याच्या नायत," मावशी म्हणाल्या, "बाजारातल्या हायत." दोघी पोट धरधरून हसल्या. त्या हसण्यातच आईने काकूंना फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला धाकधूक होती. पलीकडून काकूंचा आवाज आला, "अगं, मग छानच झालं की! आमच्याकडे इतकी वर्षं बसली, पण एवढी माणसं कधी जमली नाहीत तिच्यासाठी."

तिसऱ्या दिवशी गौरी निघाल्या, पुन्हा खालच्या तुळशीपर्यंत. आईने त्यांच्या मुखवट्यांवरून हात फिरवला, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. तिचे डोळे भरलेले. मी समजुतीने म्हणालो, "आई, आज मात्र जिन्याने जाऊ. सावकाश. मी हात धरतो."

"कशाला?" आई म्हणाली. "लिफ्टने जायचं. योगेशने बघितलीय ना नीट?"

थोरलीला घेऊन आई, धाकटीला घेऊन ताई, शिदोरी घेऊन अस्मिता आणि सोबतीला फिलूमावशी अशा सगळ्या आत उभ्या राहिल्या. मी पाय आत टाकला. अस्मिताने हात आडवा केला. "जागा नाही. तुम्ही जिन्याने या."

जागा होती. मी बघत होतो, एका माणसाची होती. पण दार लागलं.

मी जिन्याने धावलो. सहा मजले, दोन-दोन पायऱ्या एकदम, एक चप्पल चौथ्यावर राहिली. धापा टाकत खाली पोहोचलो, तर त्या चौघी गेटपाशी उभ्या होत्या, पदर न विसकटलेले, गौरी शांत, माझीच वाट पाहत.

फिलूमावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग लिफ्टकडे पाहिलं, आणि आईला म्हणाल्या, "बघ गो बाय, तुझा पोरगा आत नव्हता, तर लिफ्ट कशी सरल आली!"

आईने मान डोलावली. मी एका चपलेवर गेट उघडून धरलं. मला दम लागला होता.